मुलाखतीच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना आपणच

न्यू जर्सीच्या मर्सर काउंटीतलं वेस्ट विंडसर लोकांना माहीत असतं ते प्रिन्स्टन जंक्शन स्टेशनमुळे. जुन्या अमेरिकनांना मात्र इथलं ग्रोव्हर्स मिल आठवतं. १९३८ साली ऑर्सन वेल्सच्या रेडिओ नाट्यात मंगळावरचे प्राणी तिथेच उतरले होते. पुढच्या काळात पुणे, नागपूर, ठाण्याहून जे उतरले ते मात्र राहिले. साडेएकोणतीस हजार वस्तीच्या या गावात आज निम्म्याच्या आसपास लोक आशियाई वंशाचे आहेत.

रूट वनच्या कडेची कार्नेगी सेंटरमधली ऑफिसं, शेजारच्या प्लेन्सबरो आणि प्रिन्स्टनमधल्या औषध कंपन्या, न्यूयॉर्ककडे जाणारी गाडी, यांवर इथली घरं चालतात. पहिल्या पिढीतला मराठी माणूस मुलाखतीला उमेदवार म्हणून जायचा. आता त्याच पिढीतले अनेकजण मॅनेजर झालेत, काहींनी दहा-पंधरा माणसांच्या कन्सल्टन्सी काढल्यात. भेदभावाविषयी बोलताना आपण अजूनही फक्त उमेदवाराच्या खुर्चीतून बोलतो. कायदा दोन्ही खुर्च्यांना लागू आहे, म्हणून हा लेख दोन्हींसाठी.

कायदा कोणता, कोणाला

न्यू जर्सीचा भेदभावविरोधी कायदा १९४५ चा. केंद्राचा नागरी हक्क कायदा १९६४ साली आला, म्हणजे हे राज्य एकोणीस वर्षं पुढे होतं. सुरुवातीला या कायद्याची अंमलबजावणी चक्क शिक्षण खात्याकडे होती. वंश, वर्ण, धर्म आणि मूळ एवढ्यापासून सुरू झालेली यादी वाढत गेली. आज तिच्यात वय, लिंग, गरोदरपण, वैवाहिक स्थिती, अपंगत्व, लैंगिक कल, लिंगओळख, आनुवंशिक माहिती, लष्करी सेवा हे सगळं आहे.

केंद्राचा कायदा पंधरा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीला लागतो, वयाच्या बाबतीत वीस. न्यू जर्सीच्या कायद्याला अशी अट नाही. चार माणसांचं ऑफिसही त्यात आलं. केंद्राच्या कायद्यात मनस्तापाच्या आणि दंडात्मक भरपाईला मर्यादा आहे, सर्वांत मोठ्या कंपनीसाठीही दोन्ही मिळून तीन लाख डॉलर. राज्याच्या कायद्यात मनस्तापाच्या भरपाईला तशी मर्यादा नाही. इथले वकील राज्याच्या कायद्याकडे आधी का वळतात, ते यावरून कळेल.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगितलेली बरी. अमेरिकेत बहुतेक नोकऱ्या अशा असतात की मालक कधीही, कारण न देता काढू शकतो. बॉस खडूस असणं, त्याने श्रेय लाटणं, शुक्रवारी संध्याकाळी काम टाकणं यातलं काहीच बेकायदा नाही. त्रास यादीतल्या एखाद्या कारणामुळे झाला असेल, तरच कायदा मध्ये पडतो. हे न समजल्यामुळे निम्म्या तक्रारी चुकीच्या दारात जातात, असं माझं मत आहे.

नावापासून सुरुवात

२००४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अर्थतज्ज्ञ मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लईनाथन यांनी बॉस्टन व शिकागोतल्या जाहिरातींना सुमारे पाच हजार बनावट रेझ्युमे पाठवले. पात्रता तीच, फक्त काहींवर गोऱ्यांत रूढ असलेली नावं, काहींवर काळ्यांत रूढ असलेली. गोऱ्या नावांना सुमारे पन्नास टक्के जास्त बोलावणी आली. हे वाचून आपण 'बघा, अमेरिका अशी' म्हणतो. तसलाच प्रयोग भारतात सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी केला आणि २००७ साली प्रसिद्ध केला. खासगी कंपन्यांना एकसारख्या पात्रतेचे अर्ज गेले. उच्चवर्णीय हिंदू आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावाला एक तृतीयांश निघाली. आडनाव वाचण्याची ही सवय विमानात बसताना मागे राहते, असं समजायला काही आधार नाही.

देशातून नुकत्याच आलेल्यांसाठी एक सूचना: जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, वडिलांचं नाव, फोटो हे रेझ्युमेवरून काढा. इथे ते कोणी मागत नाही, आणि शहाणा एचआर ते पाहून दचकतो.

मुलाखतीतले प्रश्न

'लग्न झालंय का? मुलं किती? दुसऱ्याचा विचार आहे का?' पुण्यात चहा पिताना विचारावेत इतक्या सहज हे प्रश्न मुलाखतीत विचारले जातात. इथेही आपल्याच लोकांच्या तोंडून ते ऐकू येतात. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा काळंबेरं नसतं. पण बाईला नोकरी मिळाली नाही, तर तोच प्रश्न तिच्या बाजूचा पुरावा होतो. वय, चर्च-देऊळ, आजारपण, 'मूळचे कुठले' यांचंही तसंच. 'अमेरिकेत काम करण्याची कायदेशीर परवानगी आहे का?' आणि 'आत्ता किंवा पुढे व्हिसाचं प्रायोजकत्व लागेल का?' हे दोन प्रश्न मात्र चालतात.

वयाबद्दल न्यू जर्सीची गंमत आहे. केंद्राचा कायदा चाळिशीपुढच्यांनाच संरक्षण देतो. इथे १९९९ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयासमोर उलटा खटला आला. बर्गन कमर्शियल बँकेने एका पंचवीस वर्षांच्या माणसाला उपाध्यक्ष म्हणून घेतलं, आणि वय कळल्यावर थोड्याच काळात काढलं. न्यायालयाने म्हटलं की फार तरुण म्हणून काढणं हाही वयाचाच भेदभाव. २०२१ साली आणखी एक दुरुस्ती झाली. तोवर सत्तरीपुढच्या माणसाला वयामुळे नोकरी नाकारायची मुभा होती, ती गेली.

'सध्या किती मिळतात?'

हा प्रश्न न्यू जर्सीत १ जानेवारी २०२० पासून विचारता येत नाही. जुना पगार कमी असेल तर नवाही कमीच बसतो, आणि बायकांचं व नव्याने आलेल्यांचं नुकसान पिढीजात होतं, असा त्यामागचा विचार. पहिल्या उल्लंघनाला एक हजार डॉलरपर्यंत दंड आहे. उमेदवाराने आपणहून, कोणी न टोचता सांगितलं तर गोष्ट वेगळी, म्हणून सांगू नका. १ जून २०२५ पासून दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाला जाहिरातीतच पगाराची कक्षा छापावी लागते.

त्याहून धारदार कायदा १ जुलै २०१८ चा, माजी सिनेटर डायन अ‍ॅलन यांच्या नावाचा. जवळपास सारख्या कामाला स्त्री म्हणून किंवा यादीतल्या कोणत्याही गटातली व्यक्ती म्हणून कमी पगार दिला, तर सहा वर्षांपर्यंतची थकबाकी मागता येते आणि ती तिप्पट होऊ शकते. जास्त पगारवाल्याचा पगार कापून बरोबरी साधायला मनाई आहे. सहकाऱ्याला पगार विचारला म्हणून कारवाई करायलाही मनाई आहे. मराठी माणूस पगार सांगायला लाजतो, ही लाज मालकाच्या फायद्याची.

व्हिसा: काय मिळतं, काय नाही

इथे फार गैरसमज आहेत. एच-१बीवरच्या माणसालाही भेदभावविरोधी कायद्याचं संरक्षण आहे. धर्म, वंश, लिंग, मूळ देश यावरून त्याला छळलं तर तो नागरिकासारखीच तक्रार करू शकतो. पण कंपनीने 'आम्ही व्हिसा प्रायोजित करत नाही' म्हणणं हा भेदभाव धरला जात नाही. नागरिकत्वाच्या स्थितीवरून डावलण्याविरुद्धचा केंद्राचा कायदा १९८६ चा. त्याच्या छत्राखाली नागरिक, नवे ग्रीन कार्डधारक, निर्वासित आणि आश्रय मिळालेले येतात, एच-१बीवाले येत नाहीत.

ग्रीन कार्ड आलेल्यांनी एक बारकावा लक्षात ठेवावा. नोकरीवर रुजू होताना आय-९ फॉर्मसाठी कोणती कागदपत्रं दाखवायची हे कर्मचारी ठरवतो. ड्रायव्हिंग लायसन्स आणि निर्बंध नसलेलं सोशल सिक्युरिटी कार्ड पुरतं. चेहरा किंवा उच्चार पाहून 'नाही, ग्रीन कार्डच दाखवा' असा हट्ट धरणं हे त्याच कायद्याचं उल्लंघन आहे.

खरी अडचण भीतीची. नोकरी गेली की एच-१बीवाल्याला नवी नोकरी किंवा दुसरी सोय शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. मुलं शाळेत, घराचा हप्ता चालू, आणि ग्रीन कार्डची रांग दशकांची. अशा वेळी माणूस तोंड मिटून बसतो आणि मालकाला ते पक्कं ठाऊक असतं. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यू जर्सीने यावर थोडा इलाज केला. कामगार कायद्याचं उल्लंघन झाकण्यासाठी कर्मचाऱ्याचा इमिग्रेशन दर्जा उघड करण्याची धमकी दिली, तर मालकाला दंड होतो, पहिल्या वेळी एक हजार डॉलरपर्यंत, वारंवार केल्यास दहा हजारांपर्यंत. साठ दिवसांची टांगती तलवार त्यामुळे जात नाही, हेही खरं.

'आपलाच माणूस घेऊ'

आता दुसरी खुर्ची. टीममध्ये जागा निघाली की कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची, चार ओळखीचे रेझ्युमे यायचे, त्यातला एक घ्यायचा. ओळखीतून माणूस घेणं बेकायदा नाही. पण वर्षानुवर्षं एकाच ग्रुपमधून, एकाच देशाचे लोक येत राहिले, तर बाहेर राहिलेला माणूस विचारणारच.

विचारलंही आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसवर दक्षिण आशियाई नसलेल्या कर्मचाऱ्यांना डावलल्याचा खटला चालला, त्यात २०१८ साली ओकलंडच्या ज्यूरीने कंपनीच्या बाजूने कौल दिला. कॉग्निझंटचं मुख्यालय इथून तासाभरावर, टीनेकला. ऑक्टोबर २०२४ मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्यूरीने या कंपनीने भारतीय नसलेल्या कर्मचाऱ्यांशी पद्धतशीर भेदभाव केल्याचा निष्कर्ष काढला. कंपनीने तो अमान्य करून अपिलाची भूमिका घेतली. ५ जून २०२५ रोजी एम्स खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की बहुसंख्य गटातल्या तक्रारदाराकडून जास्त पुरावा मागता येणार नाही. निकालपत्र न्यायमूर्ती केटान्जी ब्राउन जॅक्सन यांचं. त्याच वर्षी फेब्रुवारीत समान रोजगार संधी आयोगाने, म्हणजे ईईओसीने, अमेरिकन कामगारांना डावलणाऱ्या मालकांकडे जास्त लक्ष देणार असल्याचं जाहीर केलं.

'फक्त एच-१बी', 'फक्त ओपीटी' (विद्यार्थी व्हिसावरची तात्पुरती कामाची परवानगी) अशा जाहिराती देणाऱ्या छोट्या कन्सल्टन्सींना न्याय खात्याने अनेकदा दंड केला आहे. मोठेही सुटले नाहीत. ग्रीन कार्डसाठीच्या पर्म प्रक्रियेत जागा नेहमीसारख्या वेबसाइटवर न टाकणं, अर्ज टपालानेच मागवणं या युक्त्यांवरून फेसबुकने २०२१ साली १ कोटी ४२ लाख ५० हजार डॉलरपर्यंतची, तर अ‍ॅपलने २०२३ साली अडीच कोटी डॉलरपर्यंतची तडजोड केली. पर्ममधूनच आपल्यापैकी अनेकांची ग्रीन कार्डं आली आहेत, त्यामुळे हा विषय दिवाणखान्यात कोणाला आवडत नाही. तरी बोलायला हवा. 'आपल्यावर अन्याय होतो' आणि 'आपण फक्त आपलेच घेतो' ही दोन वाक्यं एकाच तोंडाने म्हणता येत नाहीत.

जात

न्यू जर्सीच्या कायद्याच्या यादीत जात हा शब्द नाही. पूर्वजांचं मूळ, राष्ट्रीय मूळ आणि धर्म मात्र आहेत, आणि जातीची तक्रार त्यांच्या आधारे मांडता येते. जून २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या नागरी हक्क यंत्रणेने सिस्कोवर अशाच आधाराने दावा लावला. दलित अभियंत्याला वरिष्ठ सहकाऱ्यांनी डावलल्याचा आरोप होता. २०२३ साली त्या दोन वरिष्ठांविरुद्धचा भाग मागे घेतला गेला, कंपनीविरुद्धचा चालू राहिला. त्याच वर्षी २१ फेब्रुवारीला सिअ‍ॅटल हे जातीचा भेदभाव नावानिशी बंद करणारं अमेरिकेतलं पहिलं शहर झालं. ठराव आणणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत, जन्माने पुणेकर. ऑक्टोबरात कॅलिफोर्नियाचे राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी तसंच विधेयक परत पाठवलं, पण कारण देताना म्हटलं की असा भेदभाव आहे त्या कायद्यांनीच बेकायदा ठरतो.

'आडनाव काय? गाव कोणतं? अॅडमिशन कोणत्या कोट्यातून?' हे तीन प्रश्न ऑफिसच्या कॅफेटेरियात एका ओळीत विचारले की समोरच्याला काय विचारलं जातंय ते कळतं. विचारणाऱ्यालाही कळत असतं.

स्वयंपाकाच्या बाई, मुलांना सांभाळणाऱ्या ताई

घरकामगारांना न्यू जर्सीच्या या कायद्यातून बरीच वर्षं वगळलेलं होतं. घरकामगार हक्क कायद्यावर जानेवारी २०२४ मध्ये सही झाली, १ जुलैपासून तो लागू झाला आणि ही पळवाट बुजली. म्हणजे मुलांसाठी आया किंवा स्वयंपाकाला बाई ठेवणारं घर हाही आता मालक आहे. २०१७ साली पुण्यात एका वरिष्ठ सरकारी शास्त्रज्ञ बाईंनी, स्वयंपाकीणबाईंनी जात लपवली म्हणून पोलिसांत तक्रार नोंदवली होती. महाराष्ट्रभर टीका झाली आणि तक्रार मागे घेतली गेली. इथे 'ब्राह्मण बाई पाहिजे' असा मेसेज ग्रुपवर टाकणाऱ्याने तो पुसावा. शाकाहारी स्वयंपाक यायला हवा, ही कामाची अट झाली. करणारीची जात ही कामाची अट होत नाही.

जाच किती झाला की जाच?

१९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. आंबेडकर बडोदा संस्थानात नोकरीला रुजू झाले. शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून फायली टाकत, प्यायला पाणी मिळत नसे, राहायला जागा मिळेना आणि मिळाली तिथून हाकललं गेलं. नोकरी कागदोपत्री शाबूत होती, पगारही ठरलेला होता. तरी ती करणं अशक्य केलं गेलं. अमेरिकन कायदा ज्याला कामाच्या जागेचं प्रतिकूल वातावरण म्हणतो, त्याचं याहून स्पष्ट उदाहरण मला सुचत नाही.

न्यू जर्सीत याची कसोटी १९९३ च्या लेमन विरुद्ध टॉइज आर अस खटल्यात ठरली. वागणूक गंभीर किंवा सतत अशी असावी. दोन्ही असायची गरज नाही. २०२१ च्या रिओस विरुद्ध मेडा फार्मास्युटिकल खटल्यात वरिष्ठाने हिस्पॅनिक माणसाला उद्देशून दोनदा शिवी काढल्याचा आरोप होता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एवढंही ज्यूरीसमोर जायला पुरेसं आहे, कारण बोलणारा बॉस होता.

उच्चाराबद्दल नियम असा की उच्चारामुळे काम खरोखर अडत असेल तरच त्यावरून निर्णय घेता येतो. फोनवर सतत ग्राहकांशी बोलायचं काम आणि डेटाबेसचं काम यांना एकच माप लागत नाही. जेवणाच्या सुट्टीतही इंग्रजीच बोला, असा सरसकट नियम ईईओसीच्या नियमावलीत संशयास्पद मानला आहे. आपणही बैठकीत तिसरा माणूस बसलेला असताना मराठीत कुजबुजू नये. तो नियमाचा प्रश्न नसेल, पण खटल्यात असल्याच गोष्टी साक्षीला येतात.

सही करण्यापूर्वी

तक्रार केली म्हणून बदली, वाईट शेरा, नोकरीवरून काढणं हा सूड, आणि तो स्वतंत्र गुन्ह्यासारखा धरला जातो. मूळ तक्रार सिद्ध झाली नाही तरी सूड सिद्ध होऊ शकतो. ईईओसीकडे येणाऱ्या तक्रारींत सर्वाधिक सूडाच्याच असतात.

ले-ऑफच्या वेळी समोर येणाऱ्या कागदावर त्याच दिवशी सही करू नका. चाळिशीपुढच्या माणसाने वयाच्या भेदभावाचा हक्क सोडायचा, तर केंद्राच्या कायद्याने त्याला विचाराला २१ दिवस द्यावे लागतात, अनेकांना एकदम काढलं असेल तर ४५, आणि सहीनंतर ती मागे घ्यायला ७. गुप्ततेचं कलमही पहिल्यासारखं अभेद्य राहिलेलं नाही. २०१९ पासून न्यू जर्सीत, भेदभावाचा तपशील कर्मचाऱ्याने उघड करू नये असं कलम त्याच्यावर बंधनकारक ठरत नाही. अर्जाच्या बारीक टायपात 'दावा सहा महिन्यांतच करीन' असं लिहून घेणंही २०१६ च्या रॉड्रिग्ज विरुद्ध रेमूर्स निकालाने बाद झालं.

तक्रार कुठे, किती दिवसांत

राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे १८० दिवसांत. वेस्ट विंडसरकरांना राजधानी ट्रेंटन शेजारीच, शिवाय अर्ज ऑनलाइन होतो, फी नाही, वकील लागत नाही. ईईओसीकडे न्यू जर्सीत ३०० दिवस, तिचं कार्यालय नेवार्कला. राज्याच्या सुपीरियर कोर्टात थेट दावा करायचा तर दोन वर्षं. नागरी हक्क विभाग आणि कोर्ट दोन्हीकडून निकाल घेता येत नाही, म्हणून आधी वकिलाचा सल्ला घ्यावा. आय-९ किंवा नागरिकत्वाची तक्रार असेल तर केंद्रीय न्याय खात्याकडे, १८० दिवसांत.

घडलं त्या दिवशीच तारीख, वेळ, शब्द आणि तिथे कोण होतं ते घरच्या वहीत किंवा स्वतःच्या ईमेलवर लिहा. ऑफिसच्या लॅपटॉपवर नको, तो परत करावा लागतो. कंपनीची गोपनीय कागदपत्रं मात्र घरी पाठवू नका, त्यातून उलटी केस होते. एचआरला तक्रार लेखी द्या आणि तिच्यात 'अन्याय' एवढंच न लिहिता कारण लिहा: वय, गरोदरपण, धर्म, मूळ, जे असेल ते. आणि एचआरची चौकशी चालू आहे म्हणून थांबून राहू नका. तिच्यामुळे १८० दिवसांची मुदत वाढत नाही.